राहू दे

“ए हळूराव, खिडकी काढतोयस की तिचं बाळंतपण करतोयस?”

मुकादम खालून ओरडला आणि राडारोड्याच्या ढिगावर बसलेली सगळी टोळी हसली. वरच्या मजल्यावर, अर्ध्या उरलेल्या भिंतीवर पाय रोवून उभा असलेला हळूराव हसला नाही. त्याने पटाशी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात सरकवली, मागे लाकडाची पाचर दिली आणि हातोड्याच्या दांड्याने दोनदा हलकेच ठोकलं. चौकट कुरकुरली.

“ये, ये,” तो तिला म्हणाला. “एवढी काय घाई नाही.”

“तुला नसेल. मशीनवाला दोन तास बसलाय इथे.”

“बसू दे. त्याला तर बसायचाच पगार आहे.”

पुन्हा हशा पिकला. हळूराव हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता टोळीत कुणाला आठवतही नव्हतं. पाडकामात घण घालून भिंत आडवी करणं दंडात जोर असलेल्या कुणालाही जमतं. दार, खिडकी, कपाट न मोडता, न चिरता भिंतीतून सोडवून घेणं एखाद्यालाच जमतं. खिळा वाकवायचा नाही, ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर आणायचा. हळूराव तसा काढायचा, आणि त्याला वेळ लागायचा.

टोळीची एक रीत होती. घर पाडायला घेण्याआधी आतून एक फेरी मारायची आणि जे वाचवायचं असेल त्यावर खडूने लिहायचं, ‘राहू दे’. ज्याच्यावर ते लिहिलं त्याच्यावर घण पडायचा नाही. हळूराव शाळेत गेलेला नव्हता. कामाच्या पहिल्या दिवशी आताच्या मुकादमाच्या बापाने त्याच्या हातात खडू दिला आणि पडायला आलेल्या एका दारावर ती अक्षरं गिरवून घेतली. रा, हू आणि दे. तेवढीच तीन अक्षरं त्याला आली, आणि सदतीस वर्षं तेवढ्यावर भागलं.

खिडकी दोराने खाली उतरली. जुनं काळपट सागवान, दोन झडपा, पितळी कड्या, आणि आठही काचा धड. हळूराव खाली आला आणि त्याने चौकटीवरून तळवा फिरवला. कुठे ठेच नाही, कुठे कीड नाही.

“ही तुझीच,” मुकादम म्हणाला. “घेऊन जा. आणि ऐक.” त्याने आवाज उतरवला. “यानंतरची सगळी कामं मशीनवर. मालकांना आता दारं-खिडक्या नकोत, जागा मोकळी हवी, तीही दोन दिवसांत. मी तरी काय करू?”

“मग माझं काय?”

“घरी बस जरा. वहिनींना वेळ दे.”

“तिला खिडकी द्यायचीय.”

“ते मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. कितवी ही?”

“पंधरावी.”

“पंधरा खिडक्यांचा काय राजवाडा उठवतोस का रे?” मुकादम म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही. मशीन सुरू झालं होतं. हळूरावने खिडकी हातगाडीवर चढवली, खाली गोणपाट घातलं, आणि मागे न बघता निघाला. घर पडतानाचा आवाज त्याच्या पाठीवर येत राहिला.

त्याचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीचं दार गल्लीत उघडायचं आणि गल्लीपलीकडे फरशा घासायचा कारखाना होता. दिवसभर पिठासारखी पांढरी धूळ उडायची. बायकोला दम लागायला लागल्यापासून ते दार लावलेलंच असायचं. मागच्या खोलीमागे मोकळी जागा होती, हवा होती, उजेड होता, पण तिकडच्या भिंतीला खिडकीच नव्हती. घर घेतलं तेव्हा हळूराव बायकोला म्हणाला होता, “पहिली चांगली खिडकी हाती लागली की इथे बसवतो.”

वर्षाच्या आत लागलीही. एका शाळेची होती. बायकोचा धाकटा भाऊ गवंडी. तो थापी-ओळंबा घेऊन हजर झाला.

“दाजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुपारचं जेवण ताईने उजेडात वाढलं पाहिजे.”

“जरा थांब,” हळूराव म्हणाला. “हिची एक झडप किंचित फुगलीय. पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा बंगला पाडायचाय. तिथे हिच्याहून चांगली निघेल.”

निघालीही. पण तिच्या गजांना गंज होता. मग टपालकचेरीची आली, ती चार बोटं अरुंद. मग कुणा वकिलाची, मग एका छापखान्याची. रोज घरं उघडून बघणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पुढच्या घरात काय असेल ते त्याला दिसत राहतं आणि हातातलं फिकं वाटतं. बावीस वर्षांत चौदा खिडक्या झाल्या. त्या ठेवायच्या कुठे? मागच्या मोकळ्या जागेत, भिंतीला टेकून, एकीवर एक. ज्या भिंतीत खिडकी व्हायची, तिलाच.

हातगाडी लावून तो आत गेला तेव्हा दवाखान्यातली नर्सबाई बायकोची नाडी बघत होती. ती आठवड्यातून एकदा यायची. बायको उशांना टेकून बसलेली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडकायचा, म्हणून झोपही बसूनच. दोन वर्षं ती या खोलीबाहेर पडलेली नव्हती. डोक्यावरचा दिवा दिवसाही जळत होता.

हळूरावने एक झडप काढून आत आणली. खांद्यावरच्या टॉवेलने काचा पुसल्या आणि दिव्याखाली धरली.

“बघ. कशी आहे?”

बायकोने बघितलं. मग डोळे मिटले.

“राहू दे,” ती म्हणाली.

“मला ठाऊकच होतं.” हळूरावचा चेहरा खुलला. त्याने झडप उचलली आणि वळला.

“काका, कुठे निघालात?” नर्सबाईने विचारलं.

“ठेवायला. राहू दे म्हणाली ना.”

नर्सबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. “अहो, राहू दे म्हणजे ठेवा असं म्हणाल्या का त्या?”

“मग काय?”

“नको म्हणाल्या. राहू दे, म्हणजे पुरे आता, जाऊ द्या.”

हळूराव हसला. शिकलेल्या माणसांना कामावरची बोली कुठून कळणार! “बाई, ते तुमच्यात असेल. आमच्यात राहू दे म्हणजे याला धक्का लावायचा नाही, हे जपायचं. सदतीस वर्षं माझ्या हाताने लिहितोय मी.” तो बायकोकडे वळला. “सांग गं यांना.”

बायकोने पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग म्हणाली, “शाळेची आणलीत तेव्हाही मी राहू दे म्हटलं होतं. डॉक्टरांची आणलीत तेव्हाही. मला वाटायचं, माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. मग म्हटलं, कशाला भांडा.”

“म्हणजे तुला एकही नको होती?”

“खिडकी हवी होती हो. खिडक्या नको होत्या.”

झडप अजून त्याच्या हातात होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

“भिंतीला नुसतं भोक पाडून दिलं असतंत तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “वरून गोणपाट सोडलं असतं मी.”

“तू राहू दे म्हणायचीस, म्हणून मी प्रत्येक…”

तिला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने ती पुढे वाकली, आणि नर्सबाई तिची पाठ धरून बसली. पुष्कळ वेळाने श्वास ठिकाणावर आला.

“चौदा वेळा,” ती धापा टाकत म्हणाली, “चौदा वेळा नवऱ्याला नको म्हटलं, आणि चौदा वेळा त्याने ते जपून ठेवलं. कुणाचा नवरा करतो असं?”

नर्सबाई निघाली तेव्हा हळूराव दारापर्यंत गेला. तिने तोंडाला रुमाल बांधला आणि म्हणाली, “काका, काय करायचं ते लवकर करा. पुढच्या महिन्यावर टाकू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे लवकर.”

तो आत येऊन खाटेच्या कडेला बसला. बायको छताकडे बघत होती. “शेजारच्या नळाला पाणी आलं की मी समजते उजाडलं,” ती म्हणाली. “कारखाना थांबला की मावळलं. मधलं सगळं सारखंच. एकदा नुसतं बघून कळू दे हो, दिवस कुठवर आलाय ते.”

“उद्या,” हळूराव म्हणाला. हा शब्द त्याने बावीस वर्षांत तिला दिला नव्हता. तो नेहमी पुढचा महिना म्हणायचा.

मेहुणा सकाळीच आला. आता त्याचेही केस पिकले होते.

“उतरली म्हणायची दाजींची समाधी!”

“चावटपणा पुरे. खिडक्या हलवायला हात लाव.”

बाहेरच्या चार-पाच खिडक्या धड निघाल्या. त्यांच्यामागच्यांचं खालचं लाकूड मऊ झालेलं होतं. जसजसे ते भिंतीकडे सरकले तसतशा चौकटी हातात सुट्या व्हायला लागल्या. सगळ्यांत आतली शाळेची. तिला मेहुण्याने कोपऱ्याला धरून उचललं, तर कोपरा पाण्यात भिजलेल्या पावासारखा त्याच्या मुठीत आला. झडपा जमिनीवरच राहिल्या.

तिच्यामागे भिंत होती. कमरेपर्यंत काळी-हिरवी. बावीस पावसाळ्यांचं पाणी काचांवरून ओघळून तिच्या पायात मुरलं होतं आणि वाळवायला ऊन तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मेहुण्याने नखाने वीट खरवडली. लाल भुसा खाली पडला.

“दाजी, भिंत पाणी पिऊन बसलीय.”

“वरचा भाग कोरडा आहे की.”

“वरचा भाग खालच्यावरच उभा असतो ना?”

आतून बायकोचा आवाज आला. “अरे, सुरू केलंत का? नुसती कुजबुज चाललीय.”

मेहुण्याने दाजींकडे बघितलं.

“मी काढतो,” हळूराव म्हणाला. “घण नाही, काही नाही. एकेक वीट. भिंतीला कळणारही नाही.”

“तुमच्या हातावर भरवसा आहे माझा. भिंतीवर नाही.”

पण त्याने पटाशी पुढे केली.

खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली. बायकोने नाकातोंडावर ओलं फडकं धरलं आणि पुढच्या खोलीत जायला साफ नकार दिला. “बावीस वर्षं थांबलेय, आता ऐन वेळी बाहेर घालवता का?” हळूराव पाणी शिंपडत, सांधे पोखरत, वीट हलवून सैल करत कामाला लागला. इतकं नाजूक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पहिली वीट निघाली तेव्हा धूळ अशी उडालीच नाही. विटेएवढा उजेड आत पडला.

“आला,” आतून आवाज आला. एवढंच.

दुपारपर्यंत दोन हात रुंद, दोन हात उंच जागा मोकळी झाली. मेहुण्याने वर फळी सरकवून तात्पुरता आधार दिला. बायकोने फडकं बाजूला केलं आणि दिवा मालवायला सांगितला. नुसती बघत बसली.

“ती पाण्याची टाकी कुणाची?”

“पलीकडच्या इमारतीची. झालं की दीड वर्ष.”

“दीड वर्ष! मला कुणी बोललंच नाही.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “निळा रंग दिलाय होय. बरा दिसतो.”

श्वास तिचा होता तसाच होता, आत-बाहेर कष्टानेच चाललेला. पण चहा तिने पूर्ण घेतला. मग टाकीवर किती पक्षी बसले ते मोजलं, ते उडाल्यावर पुन्हा मोजलं. भावाला हाक मारून म्हणाली, “तुझं डोकं किती पिकलंय रे! दिव्यात कळायचं नाही.”

“उजेडाचे तोटे असतात, ताई.”

तिसऱ्या प्रहरी दोघांनी कालच्या खिडकीची चौकट उचलली. ती भोकात सुरेख बसली, जणू त्याच भिंतीतून काढलेली. हळूरावने खालून एक पाचर दिली. दुसरी देताना त्याला आवाज आला.

बारीक आवाज होता. वाळू ओघळल्यासारखा. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता, पण हळूरावने सदतीस वर्षं त्या आवाजावर भाकरी खाल्ली होती. तो आला की टोळी हत्यारं टाकून मागे पळायची. त्याने वर बघितलं. भोकाच्या कोपऱ्यातून निघालेली भेग छपरापर्यंत गेली होती, आणि फळीखालची माती सुटत होती.

“हात काढ,” तो मेहुण्याला म्हणाला. “हळूच. चौकट माझ्याकडे दे.”

चौकट बाहेर आली. छपराच्या तुळईने एकदा आवाज केला आणि ती थांबली. मेहुण्याने आत धावत जाऊन तुळईखाली बल्ली लावली, पाचर ठोकली, बाहेर येऊन भेगेत बोट घातलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

“भरावी लागणार, दाजी. आत्ता. आजची रात्र काढायची नाही ही भिंत.”

“बाहेरून टेकू देऊन…”

“टेकू कशावर देऊ? खाली भुसा आहे नुसता.”

“मग सगळी भिंत नवी घालू.”

“घालू की. महिनाभर. तोवर ताईला ठेवता कुठे? पुढे, त्या धुळीत?” मेहुण्याने थापी हातात फिरवली. “नर्सबाई काय म्हणाल्या ते तुम्हीच सांगितलंत मला सकाळी.”

हळूराव आत गेला. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला.

“ऐकलं मी. भोकातून सगळं ऐकू येतं.” मग विचारलं, “सगळंच बुजवणार?”

“सगळं.”

“एक वीटभरही…”

“नाही. वजन तिथेच येतं.”

सूर्य भिंतीच्या मागे कलला होता आणि ऊन आता सरळ आत येत होतं. तिच्या मांडीवरच्या पांघरुणावर त्याचा चौकोन पडला होता. त्यात पांघरुणाची उसवलेली शिवण दिसत होती.

“बरं,” ती म्हणाली. “मग सावकाश भरा. तुम्हाला सवय आहे सावकाशीची.”

पण ते काम सावकाश करण्यासारखं नव्हतं. मेहुण्याने झपाझपा सिमेंट कालवलं. पहिला थर लागला, त्यावर दुसरा. हळूराव बाजूला उभा राहून विटा देत होता. सकाळी त्यानेच काढलेल्या, ओळीने रचून ठेवलेल्या. मेहुणा न बघता हात मागे करायचा, म्हणायचा “वीट”, आणि वीट त्याच्या हातात यायची.

भोक खालून भरत आलं तसं आतलं ऊन वर चढायला लागलं. पांघरुणावरून ते बायकोच्या छातीवर गेलं, मग गळ्यावर. तिने डोळे किलकिले केले पण तोंड फिरवलं नाही. मग ऊन तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेलं, आणि ती सावलीत राहिली. बाहेरून आता तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसता अंधार होता आणि त्याच्यावर भिंतीचा एक पिवळा पट्टा.

त्या पट्ट्यात तिचा हात आला.

तिने तो डोक्याच्या वर उचलून धरला होता. मनगटावरची बांगडी कोपराकडे घसरली होती आणि बोटं पसरलेली होती. थर चढला की पट्टा वर सरकायचा, आणि हात त्याच्यामागे थोडा वर जायचा. इतका वेळ हात वर धरणं तिला झेपणारं नव्हतं. हळूरावला वाटलं, आता खाली येईल, आता येईल. हात खाली येत नव्हता.

एका विटेची जागा उरली. मेहुण्याने कडांना सिमेंट लावलं, थापीने नीट केलं आणि हात मागे केला.

“दाजी, वीट.”

हळूराव ढिगाकडे वाकला. वर होती तिचा कोपरा उडालेला होता. ती त्याने बाजूला ठेवली. तिच्याखालची उलटीपालटी करून बघितली, फुंकर मारून तिची धूळ काढली.

“दाजी.”

“देतो,” तो म्हणाला, आणि वीट त्याच्या हातात ठेवली.